बॉटल पाम म्हणून लावले, आता सुकून राहिले (नागपूर, काळी माती)

बेसावध | ३ जून, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबेल, पण मागाहून "हे आधी का नाही सांगितलं" नको, म्हणून सगळंच लिहितो.

दोन वर्षांपूर्वी बेसा भागात ३० बाय ५० च्या प्लॉटवर घर बांधलं. समोर आणि डाव्या बाजूला मिळून साडेचार फुटांची पट्टी उरली. वडिलांच्या सरकारी क्वार्टरच्या आवारात पांढऱ्या बुंध्याचे उंच पाम होते, ते डोक्यात बसलेले. मागच्या जुलैत नर्सरीतून सहा बॉटल पाम आणले, आठ-आठ फुटी. सोबत दोन फॉक्सटेल, आणि खिडकीखाली लावायला अरेकाची तीन झुडपं. माळ्यानं दोन बाय दोनचे, अडीच फूट खोल खड्डे खणले, काळी माती गाडीत भरून नेली आणि खड्ड्यात लाल माती, मुरूम, शेणखत भरून झाडं लावली. दिवाळीपर्यंत सगळं झकास. येणारा प्रत्येक जण गेटातूनच विचारायचा, "कितीले पडला एक?"

आता नवतपा संपला आणि अवस्था अशी आहे. गेटजवळच्या पहिल्या पामच्या खालच्या फांद्यांवर नारिंगी ठिपके आलेत, टोकं जळालीत. तिसऱ्याचं नवीन येणारं पान आखूड आणि चुरगळलेलं निघतं, मुठीत दाबून सोडलेल्या क्रेप कागदासारखं. पाचवा तसा हिरवागार दिसतो, पण मार्चपासून त्याला एकही नवं पान नाही. मधली सुई, म्हणजे न उघडलेलं गुंडाळलेलं पान, होती तिथेच उभी आहे. अरेकाला रोज पाणी आहे तरी टोकं तपकिरी. फॉक्सटेल बरे आहेत.

पाणी बोअरचं, रोज सकाळी पाइप लावून. खत म्हणाल तर दुकानदारानं दिलेलं १९:१९:१९, मग डीएपी, मग कुणी सांगितलं म्हणून एप्सम सॉल्ट. फोटो टाकतो आहे.

तर्रीबाज | ३ जून, रात्री ११:०५

बावा, पाम लावाले सांगतलं कोनं? ना सावली, ना फळ, ना चिमणीले बसाले जागा. ४६ डिग्रीत घरापुढे खांब उभे करून काय करून राहिले तुम्ही? एक कडुनिंब लावला असता तर आज त्याच्याखाली खाट टाकून हा धागा लिहिला असता.

निंबोणी | ३ जून, रात्री ११:१८

फोटो दिसत नाहीयेत, परत टाकाल का? आणि फक्त पानांचे नकोत, पूर्ण झाडाचेही टाका.

@तर्रीबाज, साडेचार फुटांच्या पट्टीत कडुनिंब लावला की दहा वर्षांनी भिंत कोणाची यावरून दुसरा धागा निघतो. पामची मुळं सुतळीसारखी असतात, वडा-पिंपळासारखी जाड होत जात नाहीत. भिंतीला त्यांचा त्रास कमी.

माडबन | ४ जून, सकाळी ६:५०

कोकणातून नमस्कार. आधी एक विनंती, पामला फांद्या नसतात हो. ती झावळी. एक झावळी म्हणजे एक पान. हा शब्दाचा किस काढत नाहीये, यात झाडाचं सगळं गणित आहे: आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते, माडाला वरचा एकच कोंब. तो गेला की झाड गेलं, मग खाली कितीही हिरवं दिसो.

दुसरं, तुमचे बॉटल पाम हे बॉटल पाम नव्हेत. फोटो दिसले नाहीत तरी पैज लावतो. भारतभर नर्सरीवाले ज्याला बॉटल पाम म्हणून विकतात तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो, रॉयस्टोनिया रेजिया, क्यूबाचा राष्ट्रीय वृक्ष. लहानपणी त्याचा बुंधा खाली फुगीर असतो म्हणून हे नाव चिकटलं. तो साठ-सत्तर फुटांपर्यंत जातो आणि एकेक झावळी दहा-बारा फुटांची. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. तो जेमतेम दहा-बारा फूट होतो आणि एका वेळी चार-सहाच पानं धरतो. तुमच्या क्वार्टरमधले ते उंच पाम रॉयलच.

बेसावध | ४ जून, सकाळी ८:१५

फोटो परत टाकले. माडबनदादा, पैज जिंकलात. पण आता धडकीच भरली. भिंतीपासून दोन फुटांवर लावलेत. सत्तर फूट?

उंटखान्याचा उंट | ४ जून, सकाळी ८:४०

आणि झावळी पडते ती शेजारच्या काकूंच्या सोलरवर. आमच्या गल्लीत एकाकडे झालं आहे. पूर्ण वाढलेल्या रॉयलची वाळकी झावळी हातात उचलून पाहा एकदा, पोरासोरांचं काम नाही ते. वरून विजेची तार जाते का हे पण पाहून घ्या.

बाकी चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मोरंड | ४ जून, दुपारी १:३०

उन्हामुळे बाहेर पडायचं नाही, तेव्हा सविस्तर लिहितो. नोकरीची सगळी वर्षं मातीतच गेली, त्यामुळे पानांकडे नंतर येऊ.

मला एकच फोटो हवा आहे: बुंधा जिथे जमिनीत जातो तिथला. पामची सगळी मुळं बुंध्याच्या तळातून, एका ठरावीक पट्ट्यातून फुटतात. आंब्या-संत्र्याला खोडातून साल-लाकूड वाढवत नेणारा थर असतो, पामला तो नसतो. म्हणून त्याचा बुंधा जखम भरून काढू शकत नाही आणि जास्त पुरला तर वरच्या बाजूला नवी मुळं काढून स्वतःला सावरेलच असंही नाही. आपल्याकडे माळी "वाऱ्यानं पडू नये" म्हणून फूटभर जास्त पुरतात. पहिलं वर्ष कुंडीतल्या जुन्या मुळांवर निघून जातं, दुसऱ्या उन्हाळ्यात झाड बसतं.

दुसरी शंका खड्ड्याची. नागपूरच्या कन्हार काळ्या मातीत तुम्ही अडीच फुटांचा खड्डा केलात आणि त्यात लाल माती-मुरूम भरलात. बाजूची काळी माती भिजली की फुगते आणि बंद होते. मुरमातून पाणी सरळ खाली जातं आणि तळाशी अडकतं. म्हणजे खड्डा नाही, रांजण झाला तो. तुमचे पाम रांजणात उभे आहेत, आणि तुम्ही रोज पाइप लावता.

खात्री करायची असेल तर झाडांपासून दूर, त्याच पट्टीत दीड फुटी खड्डा घ्या. पाणी भरा आणि ते विसरून जा. सध्या भेगा आहेत, पहिलं पाणी भेगांतून गडप होईल आणि वाटेल निचरा काय मस्त आहे! दुसऱ्यांदा भरा, ते मोजा. चोवीस तासांनी किती उरलं ते सांगा.

मृगबहार | ४ जून, संध्याकाळी ७:१०

मोरंड साहेबांशी शंभर टक्के सहमत. मी काटोलकडचा, संत्र्याचा माणूस, पाममधलं काही कळत नाही. पण कलमाचा डोळा मातीत गेला आणि बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या रोग आलाच समजा, हे आमच्या घरात लहान पोरालेही माहीत आहे. म्हणून तर डबल रिंग करतो: बुंध्याभोवती एक कोरडं आळं, त्याच्या बाहेर दुसरं, पाणी फक्त बाहेरच्यात. झाड कोणतंही असो, बुंध्याले आंघोळ नको.

बेसावध | ५ जून, रात्री ९:३०

दोन्ही कामं केली. सकाळी बुंध्याजवळ खुरप्यानं उकरत गेलो. मला वाटलं दोन-चार इंचांत मुळं दिसतील. पहिल्याची मुळं सापडली तेव्हा अख्खं मनगट आत होतं. पट्टी लावली, दहा इंच. पाचव्याला तर वरच्या मातीचा वास शिळ्या पाण्यासारखा येत होता. एवढा उन्हाळा, आणि एक फुटाखाली माती चिखलासारखी ओली!

खड्ड्याचं: दुसऱ्यांदा भरलेलं पाणी आज चोवीस तासांनी पाच इंच शिल्लक आहे. त्यात एक बेडूक पण आहे.

तर्रीबाज | ५ जून, रात्री ९:४१

बेडकाले भाडं लावा.

मोरंड | ५ जून, रात्री १०:२०

हेच वाटलं होतं. आता पानं.

पहिला पाम, खालच्या जुन्या झावळ्यांवर नारिंगी ठिपके आणि टोकं जळणं: पोटॅशची उणीव. खरं तर आपल्या काळ्या मातीत पोटॅश सहसा भरपूर असतं, पण तुमच्या खड्ड्यात काळी माती आहेच कुठे? ती तर गाडीत भरून गेली! झाड जुन्या पानातलं पोटॅश काढून नव्याला देतं. म्हणून त्या ठिपकेवाल्या झावळ्या कुरूप दिसल्या तरी कापू नका. कापल्या की ते वरच्या झावळीतून ओढेल आणि तुम्ही ती पण कापाल. पूर्ण वाळून तपकिरी झाली की काढा.

तिसरा, नवं पान आखूड आणि चुरगळलेलं: हे मँगनीज. मातीत असतं, पण मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास गेला की मुळांना मिळत नाही. आपली माती चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी. वर मुळं ओल्या रांजणात, म्हणजे घेणार कशी? मँगनीज सल्फेट, लिटरला ३ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, आणि जमिनीतून एका झाडाला दोनशे ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट नव्हे, दुकानात नाव नीट वाचून घ्या, अर्धे लोक तिथेच फसतात. बिघडलेलं पान सुधारत नाही. पुढचं किंवा त्याच्या पुढचं पान सरळ आलं तर जिंकलात, त्याला महिने लागतील.

एप्सम बंद. मॅग्नेशियम कमी असलं की जुन्या पानाची कड पिवळी धमक आणि मध्य हिरवा असतो, तुमच्या फोटोत ते नाही. उलट मॅग्नेशियम जास्त झालं की पोटॅश आणखी मागे पडतं. डीएपी तर बाजूलाच ठेवा. पामला स्फुरद फार लागत नाही, पोटॅश भरपूर लागतं.

पाचव्याबद्दल आता लिहीत नाही. सकाळी उजेडात मधली सुई दोन बोटांत धरा आणि हलकेच वर ओढा. जोर लावायचा नाही.

माडबन | ५ जून, रात्री १०:५५

पोटॅशचं पटलं. आमच्याकडे म्हातारी माणसं माडाच्या मुळाशी मीठ घालतात, वर्षाला किलो-दीड किलो. त्यानं फरक पडतो हे डोळ्यांनी पाहिलं आहे. बेसावध, ते पण करून बघा.

मोरंड | ५ जून, रात्री ११:१५

नको नको! माडबन, तुमची जांभ्याची माती आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस. मीठ घातलं तरी आषाढात धुऊन समुद्रात. इथे पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा आणि माती अशी की बेडूकसुद्धा वाहून जात नाही, मीठ कुठे जाणार? शिवाय नारळ खारं सोसतो. रॉयल त्या मानानं नाजूक.

माडबन | ५ जून, रात्री ११:२२

माघार. पण बेडूक तुमच्या बाजूनं साक्षीला आला म्हणून.

बेसावध | ६ जून, सकाळी ६:२५

ओढली.

खरं तर ओढलीच नाही, दोन बोटांत धरली आणि ती वर आली. लिफाफ्यातून कागद यावा तशी. दोन-अडीच फुटांची सुई, वरून हिरवी, खालचा वीतभर भाग तपकिरी आणि बुळबुळीत. वास इतका घाण की आई आतून विचारत बाहेर आली, काय मेलं म्हणून.

बाकी पाचही ओढून पाहिले, घट्ट आहेत. फॉक्सटेलही.

पाचव्याचं काही होऊ शकतं का? खालच्या सहा झावळ्या अजून चकचकीत हिरव्या आहेत.

मोरंड | ६ जून, सकाळी ७:४०

वाईट वाटतं सांगायला, पण नाही. तो कोंब कुजला. मार्चपासून नवं पान नव्हतं तेव्हाच गेला असणार. खालच्या झावळ्या त्यांच्या जिवावर आणखी काही महिने हिरव्या राहतील, आणि तुम्हाला रोज वाटेल की सावरतो आहे. कधीमधी कुज वरच्या वर थांबते आणि बाजूनं वेडंवाकडं पान निघतं. आशा लावून बसू नका, पण लगेच कापूही नका. शेंड्यात एक टक्का बोर्डो (बुरशीनाशक) ओता आणि वाट पाहा.

मृगबहार | ६ जून, सकाळी ८:०५

बोर्डो माझं खातं. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. तुम्हाला एवढं लागत नाही, तेव्हा शंभर-शंभर ग्रॅम आणि दहा लिटर करा. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. मग एकत्र ओतायचं. घासलेलं लोखंडी खिळं बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून टाकायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. उरलेल्या पाच झाडांच्या शेंड्यात पावसाआधी एकदा द्याच. कुज पाण्यानं पसरते.

निंबोणी | ६ जून, सकाळी ११:३०

सगळे बॉटलमध्येच अडकलेत, माझ्या अरेकाला कोणी विचारेना. बेसावध, अरेका खिडकीखाली आहेत म्हणालात. त्या खिडकीत कूलर आहे का?

बेसावध | ६ जून, दुपारी १२:०२

आहे. हॉलचा मोठा. दर रविवारी टाकी रिकामी करतो, डेंग्यूच्या भीतीनं. पाणी वाया जाऊ नये म्हणून पाइप सरळ अरेकाच्या आळ्यात सोडला आहे. अभिमानाची गोष्ट होती ती आत्तापर्यंत.

निंबोणी | ६ जून, दुपारी १२:२०

सापडलं!

कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. आठवडाभर तुम्ही बोअरचं जड पाणी भरत राहता, रोज टाकीभर वाफ होते, आणि मागे उरतं ते आठ-दहा टाक्यांचं मीठ एका टाकीत. कूलरच्या जाळीवर आणि वाळ्यावर पांढरे थर बसतात ना, तेच. ते तुम्ही दर रविवारी अरेकाला पाजता, आणि अरेका क्षारांच्या बाबतीत पामांमधली सगळ्यात कुरकुरी. आळ्यातली माती सुकली की वर पांढरट पापुद्रा दिसतो का बघा. मी धरमपेठेत गच्चीवर हाच शहाणपणा दोन उन्हाळे केला होता, माझे रॅफिस पाम त्यातच गेले.

कूलरचं पाणी अंगण धुवायला वापरा. अरेकाच्या आळ्यात दोन-तीनदा भरपूर साधं पाणी सोडून क्षार खाली ढकला, पण आधी निचरा करा, नाहीतर परत बेडूक. आणि दुपारचं ऊन सरळ पडत असेल तर हिरवी नेट बांधा. अरेका मादागास्करची, तिला आपलं मे महिन्याचं पश्चिमेचं ऊन सोसत नाही.

उंटखान्याचा उंट | ६ जून, दुपारी १२:४५

निंबोणीताई, आमच्या कॉलनीत झाडून सगळे हेच करतात. मी पण. आत्ताच जाऊन पाइप काढला. वाचनखूण साठवली.

हिरवीगार | ६ जून, दुपारी ३:१०

मी नवीन आहे, धाग्याशी संबंधित आहे का माहीत नाही. आमच्याकडे सायकस पाम आहे, घरात लॅब्राडोरचं पिल्लू आलं आहे. पामचा काही त्रास नसतो ना?

निंबोणी | ६ जून, दुपारी ३:१८

असतो, आणि ही गंमत नाही. सायकस पाम नाहीच मुळी, पामच्या कितीतरी आधीपासूनची वेगळी जात आहे ती. तिचा प्रत्येक भाग कुत्र्याला विषारी, बिया सर्वांत जास्त. यकृत निकामी होतं. कुंपण घाला किंवा झाड देऊन टाका. पिल्लू चावलंच तर लक्षणांची वाट न पाहता थेट डॉक्टर. खरी पाम असलेली अरेका मात्र कुत्र्या-मांजरांना चालते.

माडबन | ६ जून, दुपारी ४:००

याच माळेतलं दुसरं नाव ट्रॅव्हलर्स पाम. तोही पाम नाही. अवांतर थांबवतो.

बेसावध | ६ जून, रात्री १०:१५

कबुली द्यायची राहिली. दिवाळीत लायटिंगसाठी सहाही बुंध्यांत खिळे ठोकले होते. प्रत्येकी चार.

माडबन | ६ जून, रात्री १०:२१

अरेरे. त्या जखमा भरत नाहीत. खिळे उपटायला जाऊ नका, भोक उघडं पडेल. पुढच्या दिवाळीला दोरी.

मोरंड | ७ जून, सकाळी ९:००

आता उरलेल्या पाचांचं. माझं मत स्पष्ट सांगतो: साडेचार फुटांच्या पट्टीत भिंतीपासून दोन फुटांवर रॉयल पाम ठेवू नयेत. पण मोह असतो, मलाही कळतं. निदान दोन हलवा, गेटच्या कोपऱ्यात जिथे दोन्हीकडून मोकळं आहे तिथे.

हलवण्याची वेळ पावसाळ्याची सुरुवात. दोन चांगले पाऊस होऊन माती ओली आणि गरम असते तेव्हा. पामची मुळं उबेत चालतात, हिवाळ्यात हलवलेला पाम तीन-तीन महिने नुसता बसून राहतो. बुंध्यापासून चहूबाजूंनी दीड फूट तरी माती धरून उचला. रॉयलचं मूळ बुंध्याजवळ तुटलं तर ते मरतं, नवं यायला वेळ लागतो. नव्या जागी खड्डा खणायचाच नाही. जमिनीवर दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद ओटा करा, इथलीच काळी माती आणि मुरूम मिसळून, आणि गोळा त्यावर बसवा. मुळं सुरू होतात ती जागा ओट्याच्या वरच्या पातळीला. तीन बाजूंनी बांबूचा टेकू, बुंध्याला गोणपाट गुंडाळून. खिळे नाहीत हे सांगायला नको.

जे जागेवर राहतील त्यांच्या बुंध्याभोवती दोन-तीन फूट रुंद बशी करून वरची दहा इंच माती काढून टाका. बशीत पाणी साचता कामा नये, एका बाजूनं नाली काढून उताराला सोडा. पाणी आठवड्यातून दोनदा, तेही आत बोट घालून बघून.

जिप्सम टाकू का असं तुम्ही व्यक्तिगत निरोपात विचारलंत. जमिनीत सोडियम जास्त असेल तरच त्याचा उपयोग. आधी माती तपासा. कृषी महाविद्यालयाकडे चौकशी करा.

तर्रीबाज | ७ जून, सकाळी ९:३५

एवढ्यात मी एक पोरगा इंजिनेर केला असता. पण मोरंड काका, लिहिलं मात्र झकास. आता एक खरं खरं सांगा, नागपूरच्या उन्हात बिना लाडाचा पाम कोणता?

मोरंड | ७ जून, सकाळी १०:१०

शिंदी.

मृगबहार | ७ जून, सकाळी १०:३०

हेच म्हणणार होतो. माझ्या धुऱ्यावर चौदा आहेत, कुणी लावल्या नाहीत, कुणी पाणी दिलं नाही. नाल्याच्या काठी, पडीक जमिनीत, खारपड असो की मुरमाड, उभीच. आमच्याकडे तिच्या पानांचा फडा होतो झाडायला. छिंदवाड्याचं नावच छिंद म्हणजे या शिंदीवरून पडलं असं सांगतात. आणि माझा पुतण्या अमेरिकेत आहे, त्यानं फ्लोरिडातला एक फोटो पाठवला: मोठ्या हॉटेलच्या दारात दोन्हीकडे रांगेनं उभ्या, खालून दिवे लावलेले. मी ओळखल्या. ती आपली शिंदी, तिकडे सिल्वेस्टर पाम म्हणतात आणि मोठ्या किमतीला विकतात.

हवी असेल तर एक घेऊन जा. गोळ्यासकट काढून देतो. मोठीसुद्धा हलवली तर जगते.

बेसावध | ७ जून, रात्री ९:५०

भाऊ, आभारी आहे. घरी विचारलं. सौ. म्हणाली, "लोक म्हणतील शिंदी लावली दारात, आता मडकं पण बांधा." आई म्हणाली काटे आहेत, नातवाच्या डोळ्यात जातील. काट्यांचं आईचं बरोबर आहे का?

मृगबहार | ७ जून, रात्री १०:०५

आईचं बरोबर आहे. झावळीच्या बुडाशी दाभणासारखे असतात. चालण्याच्या वाटेवर नका लावू. मडक्याचं मात्र वहिनी उगाच म्हणतात. सकाळी उतरवून ताजी प्यायली तर नीरा, दुपारपर्यंत ठेवली तर भानगड.

बेसावध | २१ जुलै, रात्री ८:४५

धागा वर काढतो आहे.

पाऊस यंदा उशिरा लागला. ६ जुलैला दोन पाम हलवले. माळी वेगळा बोलावला, तो ओट्याला हसत होता, मी मोरंड काकांचा प्रतिसाद मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवला. उचलताना गोळा एका बाजूनं फुटला, तेव्हा पोटात गोळा आला. दोन्ही सध्या मरगळलेले, पण सुया घट्ट आहेत.

बश्या केल्या, नाली काढली. परवाच्या झडीत बशीतलं पाणी दहा मिनिटांत निघून गेलं. छत्री घेऊन उभा राहून पाहिलं.

नवीन प्रश्न: दुसऱ्या पामची नुकती उघडलेली झावळी मधून कात्रीनं कापल्यासारखी आहे, इंग्रजी व्हीच्या आकारात. दोन्ही बाजूंना सारखीच.

माडबन | २१ जुलै, रात्री ९:०२

गेंड्या भुंगा. सुई गुंडाळलेली असताना आरपार पोखरतो, उघडली की कातरकाम दिसतं. जवळपास शेणखताचा ढीग आहे का? त्याच्या अळ्या त्यातच वाढतात.

बेसावध | २१ जुलै, रात्री ९:०८

भिंतीला लागूनच. मीच टाकला आहे, पामसाठी.

माडबन | २१ जुलै, रात्री ९:१५

उद्या उपसा. इंग्रजी सीसारख्या वाकलेल्या, अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघतील, त्या कोंबडीवाल्याला द्या. झाडात वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात भरा, दर दीड महिन्यानं. आणि बुंध्यात भोक, त्यातून चोथा किंवा तांबडा चिकट रस दिसला तर लगेच लिहा, तो सोंड्या भुंगा असतो. गेंड्या झाड विद्रूप करतो, सोंड्या मारून टाकतो. बहुतेक वेळा तो गेंड्यानं केलेल्या जखमेतूनच शिरतो.

बेसावध | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

शेवटचा अहवाल. चौतीस अळ्या निघाल्या होत्या, नातवानं, म्हणजे आईच्या नातवानं, माझ्या मुलानं, मोजल्या.

तिसऱ्या पामचं मँगनीजनंतरचं पहिलं पान चुरगळलेलंच आलं. दुसरं अर्धं सरळ. आत्ता जे उघडतं आहे ते टोकापर्यंत सरळ आहे, फोटो जोडला आहे. हलवलेल्यांपैकी एक लागला. दुसऱ्याची सुई ऑक्टोबरपासून हललेली नाही, पण ओढल्यावर येत नाही. अरेका कूलर बंद झाल्यावर हिरवी झाली, त्यात माझं कर्तृत्व शून्य. कोपऱ्यात, वाटेपासून लांब, मृगबहार भाऊंची शिंदी आली आहे. सौ. पाहुण्यांना "सिल्वेस्टर" सांगते.

पाचवा अजून उभा आहे. बोर्डो ओतला, वाट पाहिली, बाजूनं काही निघालं नाही. सहापैकी दोन झावळ्या वाळल्या, चार अजून हिरव्या. माळी दोनदा कुऱ्हाड घेऊन आला आणि आईनं दोन्हीदा चहा पाजून परत पाठवला. रोज सकाळी ती तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या त्याच्या बुडाशी रिता करते. मी डबल रिंग सांगून पाहिली.

मोरंड | १६ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

तांब्याभर पाण्यानं काही बिघडत नाही. घालू द्या.